प्रकल्प नोंदी: 5.5 चा रस्ता 7 मीटर करताना लेन नेमकी बसवायची कुठं

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

दिवाळीनंतर आज पहिल्यांदा नीट कामाला बसलो. करवीर तालुक्यातला जिल्हा मार्ग, लांबी 4.2 किमी, आत्ता 5.5 मीटर डांबरी म्हणजे इंटरमीडिएट लेन, तो 7 मीटर दोन लेन करायचाय, दोन्ही बाजूला साईडपट्टी. रस्त्याचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहिती असायला पाहिजे त्यांना माहितीये. आधी ज्याच्याकडं फाईल होती तो पुण्याला नोकरीला गेला, जाताना एक पेन ड्राईव्ह दिला आणि म्हणाला, सगळं झालंय भावा, फक्त लेन थोड्या ॲडजस्ट करायच्यात.

फाईल सिव्हिल थ्रीडीची आहे, म्हणजे रस्ता आखायच्या सॉफ्टवेअरची. कॉरिडॉर (मध्यरेषेवर उभं केलेलं रस्त्याचं आख्खं मॉडेल) उघडला तर सरळ भागात चांगला दिसतोय पण 2+310 च्या (सुरुवातीपासनं 2 किमी 310 मीटरवरच्या) वळणावर रस्त्याची कडा करवतीच्या दातासारखी, आत बाहेर आत बाहेर. रिबिल्ड मारला (मॉडेल परत बांधायला लावलं), तसंच. फाईल बंद करून परत उघडली (हे सगळेच करतात, उपयोग कधीच होत नाही), तसंच. सात वाजले, घरी.

12 नोव्हेंबर, मंगळवार

करवत कुठनं आली ते सापडलं. असेंब्लीत (रस्त्याच्या छेदाचा साचा) लेनसाठी बेसिक लेन ही सबअसेंब्ली (त्या साच्याचा एक तुकडा) वापरलीय. ही बिचारी साधी, एक रुंदी सांगायची आणि ती शेवटपर्यंत तेवढीच रुंदी धरते, तिला टार्गेट (लेनची कडा जिथपर्यंत न्यायची ती रेघ) लावायची सोयच नाही. आता वळणावर तर रुंदी वाढवायचीय, मग ह्यानं काय केलं, सेक्शन एडिटर उघडून प्रत्येक चेनेजला (सुरुवातीपासनंच्या अंतराला) हातानं रुंदी बदलली, 20-20 मीटरवर, एकेका सेक्शनला ओव्हरराईड. नंतर कुणीतरी, बहुतेक त्यानंच, वळणावरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे किती मीटरवर सेक्शन घ्यायचा ते, 20 ची 5 केली. मधे जे नवीन सेक्शन तयार झाले त्यांना ओव्हरराईड कुठला असणार? त्यांनी मूळची रुंदी धरली. एक सेक्शन रुंद, तीन अरुंद, एक रुंद. झाली करवत.

मी मोजले, आख्ख्या लांबीत 117 ठिकाणी ओव्हरराईड. त्याला शिव्या घालायचा मोह झाला पण खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीपण हेच केलेलं, त्यात रस्ता जरा लांब होता इतकंच. हातानं सरकवलेली लेन त्या दिवशी स्क्रीनवर एकदम झ्याक दिसते, दोन आठवड्यांनी कुणीतरी अलाइनमेंट (रस्त्याची आखलेली रेघ) हलवली की मग कळतं.

ठरवलं की दुरुस्त करत बसायचं नाही, असेंब्ली नवीन बांधायची. सरांना सांगितलं तर म्हणाले, "दोन दिवस घे, तिसरा मागू नकोस."

13 नोव्हेंबर, बुधवार

नवीन असेंब्ली. लेनसाठी लेन सुपरएलिव्हेशन एओआर घेतली, ती रुंदीला टार्गेट घेते आणि बाह्य उताराचापण (वळणावर बाहेरची कड उचलून देतात तो) हिशोब धरते. मेट्रिकमध्ये डिफॉल्ट रुंदी 3.6 येते, आपल्या आयआरसीत (इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत) लेन 3.5, हे बदलायला विसरलं की सात मीटरचा रस्ता 7.2 होतो आणि चार किमीत ते डांबर कुणाच्या खिशातनं जाणार हा प्रश्न येतो. कॅम्बर (पाणी वाहून जायला मधनं कडेकडं दिलेला उतार) डिफॉल्ट 2 टक्के असतो, आम्ही 2.5 धरलाय, आपल्याकडचा पाऊस बघता तोच बरा.

मग दोन ऑफसेट अलाइनमेंट काढल्या, मध्यरेषेपासून 3.5 वर, एक डावी एक उजवी. डावीकडचा ऑफसेट मायनस असतो हे ध्यानात ठेवायचं. ह्या दोन रेघा आईला धरून चालणाऱ्या पोरासारख्या असतात, मध्यरेषा हलली की ह्यापण हलतात. कॉरिडॉरच्या प्रॉपर्टीत पॅरामीटरच्या टॅबवर जाऊन डाव्या लेनला डावी रेघ, उजव्या लेनला उजवी रेघ टार्गेट म्हणून दिली. आता लेनची कडा कुठं असावी हे लेन ठरवत नाही, ती रेघ ठरवते. लेन सरकवायची म्हणजे रेघ सरकवायची, एवढंच.

संध्याकाळी एक गंमत झाली ती लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. टार्गेटची रेघ एखाद्या चेनेजला सापडली नाही तर सॉफ्टवेअर ओरडत नाही, लाल होत नाही, गपचूप डिफॉल्ट रुंदी धरून पुढं जातं. माझी उजवी रेघ 3+900 लाच संपलेली, पुढं 300 मीटर टार्गेटशिवायच चाललंय आणि डिफॉल्टपण 3.5 असल्यामुळं दिसायला सगळं बरोबर. हे कळलं कसं तर उगीच शेवटच्या टोकाला झूम केलं म्हणून. मग एक जोडणी केली, तपासणीपुरती असेंब्लीतली डिफॉल्ट रुंदी मुद्दाम 1 मीटर करून ठेवली. आता जिथं टार्गेट चुकलंय तिथं रस्ता एकदम पायवाट होतो, लांबनं दिसतो. सगळं जुळलं की परत 3.5 करायची, हे मॉनिटरवर चिकटवून ठेवलंय.

15 नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरारी पौर्णिमा. पहाटे घरच्यांना घेऊन पंचगंगा घाटावर, पणत्यांनी घाट नुसता उजळलेला, गर्दी म्हणजे विचारू नका. ऑफिसला अकराला आलो, झोप डोळ्यावर, तरी आज वळणाचं काम उरकायचंच होतं.

वळण 2+310, त्रिज्या 80 मीटर, इथं डिझाईन स्पीड 40 धरलाय. रस्ता पश्चिमेला चाललेला असतो तो इथं डावीकडं वळून दक्षिणेला जातो, चांगला काटकोनाच्या आसपासचा मोड आहे. जादा रुंदीचा हिशोब हातानं केला कारण विझार्डमध्ये जे स्टँडर्ड भरलेलं होतं ते आपलं नव्हतंच. दोन लेन, चाकांमधलं अंतर 6.1 मीटर: 2 गुणिले 6.1 चा वर्ग भागिले 160, आले 0.465. हे यांत्रिक, म्हणजे मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतनं जातात म्हणून लागणारं. दुसरं मानसिक, वळणावर माणूस आपोआप समोरच्यापासनं लांब धरतो म्हणून: 40 भागिले 9.5 गुणिले वर्गमूळ 80, आले 0.471. बेरीज 0.94. आयआरसीच्या तक्त्यात 61 ते 100 त्रिज्येला दोन लेनसाठी 0.9 आहे, बरोबर जुळतंय, 0.9 घेतलं. संक्रमण वक्र (सरळ रस्त्यातनं वळणात हळूहळू नेणारा भाग) आहे म्हणून अर्धं आत अर्धं बाहेर, 45-45 सेमी. संक्रमणाची लांबी 2.7 गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे 54, घेतली 55.

हे दोन्ही ऑफसेट रेघांना वायडनिंग म्हणून दिलं, 55 मीटरात वाढत जाणार, वळणात पूर्ण, परत 55 मीटरात उतरणार. रिबिल्ड. करवत गेली! पण कडा अजून टोकाटोकाचीच, गोल नाही. फ्रिक्वेन्सी बघितली तर नवीन कॉरिडॉरमध्ये वळणावरपण 20 च राहिलेली. कॉरिडॉर काय करतो, सेक्शन जिथं आहेत तिथंच टार्गेट बघतो, मधे सरळ रेघ जोडतो. 80 त्रिज्येवर 20 मीटरची जीवा घेतली तर मधे कमानीपासनं अंतर पडतं 20 चा वर्ग भागिले 8 गुणिले 80, म्हणजे साडेबासष्ट सेमी. आपण भांडतोय 45 सेमीच्या वायडनिंगसाठी आणि 62 सेमी इथंच गिळले. 5 मीटर केलं की तेच 4 सेमीवर येतं. तर वळणात 5, आणि शिवाय फ्रिक्वेन्सीच्या यादीत खाली एक ऑप्शन असतो, ऑफसेट टार्गेटच्या जॉमेट्री पॉइंटला सेक्शन घ्यायचा, तो येस करायचा, नाहीतर वायडनिंग जिथं सुरू होतं नेमका तो बिंदूच सुटतो.

बाह्य उतार. सूत्रानं 8.9 टक्के येतोय, कमाल 7. पण मी 4 घ्यायचा म्हणतोय. वळणाला लागून वस्ती आहे, दोन गल्ल्या रस्त्याला मिळतात, आणि मुख्य म्हणजे हा रस्ता उसाचा. भरलेली डबल ट्रॉली पाच-दहाच्या स्पीडनं 7 टक्क्यांच्या तिरक्या रस्त्यावरनं नेली की आतल्या बाजूला कशी कलते ते कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. 4 टक्के घेतला तर बाजूचं घर्षण 0.1175 लागतं, मुभा 0.15 पर्यंत आहे, बसतंय. सरांनी मान डोलावली.

16 नोव्हेंबर, शनिवार

साईट. सरांचे दोन दिवस कधीच संपलेत, विषय काढत नाहीत म्हणून मीपण गप्प.

1+240 ते 1+860 डाव्या बाजूला पाणीपुरवठ्याची मोठी पाईपलाईन रस्त्याला घासून चाललीय, वर व्हॉल्व्हचे चेंबर, आणि त्याच बाजूला चिंचा, जुन्या, एकेकीला दोघांची कव पुरणार नाही. ड्रॉइंगमध्ये हे सगळं ठिपके होते. इथं दोन्हीकडं 75-75 सेमी वाढवणं शक्य नाही. वाढवायचं तर दीड मीटर सगळं उजवीकडं.

टपरीवर चहा घेताना एक ट्रॅक्टर थांबलेला, दोन ट्रॉल्या, हंगामाची सुरुवात. ड्रायव्हरला विचारून टेप लावला, बाहेर आलेला ऊस धरून 2.9 मीटर. अशा दोन समोरासमोर आल्या तर 5.8, आणि रस्ता 5.5. म्हणूनच साईडपट्टी पार खचून गेलीय. 3.5 च्या लेनमध्ये 2.9 चा माल म्हणजे दोन्हीकडं वीतभर जागा. त्यामुळं लेनची कडा वीतभर चुकणं म्हणजे किरकोळ चूक नाही, इथं ती वीतच सगळं आहे. ड्रायव्हर म्हणाला, "मोजून काय करताय साहेब, रुंद करा म्हंजे झालं."

18 नोव्हेंबर, सोमवार

आज सरांशी दोन तास. भांडण नव्हे, पण आवाज चढलेले.

प्रश्न असा. ह्या 620 मीटरच्या तुकड्यात रस्ता फक्त उजवीकडं वाढतोय. म्हणजे नवीन रस्त्याचा मध्य जुन्या मध्यापासनं 75 सेमी उजवीकडं. आता लेन कशा बसवायच्या? सरांचं म्हणणं, मध्यरेषा आणि क्राऊन (रस्त्याचा माथा) आहे तिथंच ठेव, डाव्या लेनचं टार्गेट 2.75 ला, उजव्या लेनचं 4.25 ला, झालं सात मीटर, नंतर पांढरा पट्टा मधोमध मार. सॉफ्टवेअरमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे, मी करूनपण दाखवलं. दिसायला बरोबर. पण मग रस्त्याचा माथा एका जागी आणि पट्टा 75 सेमी दुसरीकडं. उजवीकडनं जाणाऱ्या गाडीचं एक चाक... नको, चुकतोय, नीट लिहितो: पट्ट्याच्या डावीकडनं जाणाऱ्या गाडीच्या लेनमध्येच माथा येतो, उजवं चाक माथ्याच्या पलीकडच्या उतारावर. त्यावर 2.9 ची ट्रॉली घाल.

माझं म्हणणं, लेनचं टार्गेट हलवायचं नाही, मध्यरेषाच हलवायची, 40 मीटरात हळूच 75 सेमी उजवीकडं न्यायची, 620 मीटर तशीच, परत 40 मीटरात आणायची. लेन दोन्हीकडं 3.5 च.

सर म्हणाले, "आणि क्राऊन सरकला की डांबर किती जादा ते सांग आधी." बरोबर प्रश्न होता, मान्य. बसून काढलं. जुना माथा शून्यावर, कॅम्बर 2.5. जुन्या माथ्यापासनं उजवीकडं जुना रस्ता उतरतो आणि नवीन रस्ता 75 सेमीपर्यंत चढतो, दोन्ही 2.5 टक्क्यांनी, म्हणजे 2 गुणिले 0.75 गुणिले 0.025, बरोबर 37.5 मिमी जाडी वाढते, आणि तिथनं जुन्या कडेपर्यंतचे दोन मीटर ती तेवढीच राहते. डावीकडं काहीच फरक नाही. छेदाचं क्षेत्रफळ 0.089 चौरस मीटर, 620 मीटरला 55 घनमीटर, वजनात 130 टनांच्या आसपास. सात-आठ हायवा.

सर गप्प बसले. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "जुना कॅम्बर कागदावर 2.5, जागेवर आहे का?" नाही. सर्व्हेत कुठं 1.2 कुठं 1.8, वर्षानुवर्षं पॅच मारून माथा बसलाय. म्हणजे क्राऊन सरकवा नाहीतर नका सरकवू, प्रोफाईल करेक्शन (बिघडलेला उतार डांबर भरून नीट करणं) तसंही करायलाच लागणार. दोन्ही पर्यायांचे कॉरिडॉर काढून सर्फेसमधनं व्हॉल्यूम घेतले, खरा फरक 55 नाही, 41 च आला. "मग हलव मध्यरेषा," म्हणाले आणि पोराला चहा सांगितला. मी आत्तापर्यंत बघितलेल्या एकतर्फी रुंदीकरणात निम्म्या ठिकाणी माथा जुन्याच जागी ठेवलेला आहे, पावसात गाडी चालवताना ते बुडाला कळतं.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदान. सुट्टी. फाईल उघडली नाही.

21 नोव्हेंबर, गुरुवार

मोजणीचा नकाशा आला, हद्दीचे दगड रोव्हर (जीपीएसचं मोजणी यंत्र) लावून घेतलेत, यूटीएम (नकाशाची मीटरमधली ग्रिड) झोन 43 मध्येच. आपली फाईलपण झोन 43. वर टाकला आणि पोटात गोळा. वळणापर्यंत रस्ता दगडांच्या बरोब्बर मधनं जातो, वळण झालं की आख्खा रस्ता पश्चिमेला सरकलेला, उजवीकडच्या शेतात 90 ते 95 सेमी घुसलेला. शेवटपर्यंत तसाच, जवळजवळ सारखाच.

शेजारच्या टेबलवरचा म्हणाला, सारखंच सरकलंय ना, मग 2+400 च्या पुढं सगळ्या लेनला 92 सेमी डावीकडं ऑफसेट मार की. हातात माऊस होता आणि दहा सेकंद मी खरंच तो विचार केला. आपल्याकडं बांधावरनं सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, एकाला वाटेल रस्त्यानं घेतलं, दुसऱ्याला वाटेल सुटलं. सरकलंय का ते कळल्याशिवाय सरकवायचं नाही असं ठरवून उठलो. रात्री झोप बेताचीच.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. वळणाच्या आधी सगळं जुळतंय असं मी म्हणतोय, ते खरंच जुळतंय का? मोजणीवाल्यांनी दोन मोऱ्यांचे कोपरेपण घेतलेत. 0+900 च्या मोरीचा कोपरा त्यांचा आणि आपला बघितला: आडवा फरक काही नाही, पण रस्त्याच्या लांबीत 37 सेमी. 1+750 ची मोरी: लांबीत 71 सेमी. म्हणजे सरकणं वळणावर सुरू झालेलंच नाही, ते शून्यापासनं वाढत आलंय, किलोमीटरला 40 सेमीच्या हिशोबानं. सरळ रस्त्यात ते रस्त्याच्याच दिशेनं सरकत होतं म्हणून लेन जागेवर दिसत होत्या, वळून दक्षिणेला लागल्यावर तोच फरक आडवा झाला. 2.3 किमी गुणिले 40 सेमी, 92. जुळलं!

किलोमीटरला 40 सेमी हा आकडा बघितल्यावर सर्व्हेतला कुणीही सांगेल, ग्रिड आणि ग्राउंड, म्हणजे नकाशावरचं अंतर आणि जागेवरचं अंतर. यूटीएममध्ये मध्य रेखावृत्तावर 0.9996 चा स्केल असतो, आपलं 75 अंशाचं, कोल्हापूर त्याच्या थोडं पश्चिमेला म्हणून 0.99968 च्या आसपास, त्यात आपण समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटर वर, ते धरलं की एकूण 0.99959. जागेवरचे 1000 मीटर ग्रिडवर 999.59. टोटल स्टेशन जागेवरचं अंतर मोजतं. सुरुवातीला डीजीपीएसचे दोन पॉइंट घेतले आणि तिथनं पुढं स्केल 1 ठेवून ट्रॅव्हर्स (एकापुढं एक मोजत नेलेली पॉइंटची साखळी) शेवटपर्यंत उघडाच नेला, शेवटी दुसऱ्या पॉइंटला बंद केला असता तर तिथंच सव्वा मीटरच्या आसपासची चूक बोंबलली असती.

आणि मी काय समजून बसलेलो, ड्रॉइंग सेटिंगमध्ये झोन 43 लावलाय म्हणजे झालं. झोन लावणं म्हणजे डब्यावर लेबल चिकटवणं. आत साखर आहे का मीठ ते लेबल बदलत नाही.

सर्व्हेवाल्या दादांना फोन केला, घाबरत, कारण माणूस वयानं मोठा आणि तापट. ऐकून घेतलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "स्केल एकच राहिलाय व्हय. रॉ फाईल आहे माझ्याकडं, सोमवारी देतो." बास. एवढंच. मी उगीच सकाळपासनं वाक्यं जुळवत होतो.

25 नोव्हेंबर, सोमवार

नवीन पॉइंट आले. सर्फेस परत बांधला. मध्यरेषेला आख्खं स्केल मारायचं नव्हतं, मारलं असतं तर 80 ची त्रिज्या 79.97 झाली असती आणि तक्त्यात कुणीतरी विचारलं असतं. पीआय (वळणाच्या दोन्हीकडच्या सरळ रेघा मिळतात ते बिंदू) मोजकेच आहेत, एकेक हातानं नवीन जागी नेला, त्रिज्या आणि संक्रमण तसंच ठेवलं. नवीन सर्व्हेतल्या जुन्या रस्त्याच्या कडांवर तपासलं, 3 सेमीच्या आत.

मग रिबिल्ड. चाळीस एक सेकंद लागले. डावी रेघ, उजवी रेघ, वायडनिंग, 620 मीटरचा एकतर्फी तुकडा, सगळं मध्यरेषेच्या मागनं निमूट गेलं, एकाही लेनला हात लावला नाही. मोजणीचा नकाशा परत वर टाकला, वळणानंतरपण दगडांच्या मधोमध. मी खुर्चीतनं उठून आख्ख्या ऑफिसला बोलावून दाखवलं, कुणाला फारसं काही वाटलं नाही, त्यांचंपण बरोबर आहे. ते 117 ओव्हरराईड ठेवून हे केलं असतं तर काय झालं असतं ते बघायला जुनी फाईल उघडणार होतो, वेळ नाही.

चेनेज शेवटाला 1.7 मीटरनं कमी झालंय, मोरीच्या यादीतले आकडे बदलायचे. डिफॉल्ट रुंदी 1 ची 3.5 केली (चिठ्ठी होती म्हणून आठवलं).

28 नोव्हेंबर, गुरुवार

प्लॅन, एल सेक्शन (लांबीतला छेद), क्रॉस सेक्शन प्रिंटला. 2+940 ला स्लॅब मोरीवर कठड्यांमधलं अंतर 6.2, तिथं सात मीटर बसत नाही, मोरी रुंद करायची बाब आधीच अंदाजपत्रकात आहे म्हणून लेन तशाच सरळ नेल्यात, टीप टाकली.

2 डिसेंबर, सोमवार

साईटवर कडेच्या खुंट्या मारायला सुरुवात. सर्व्हेवाले दादा स्वतः आलेले, बरोबर दोन पोरं, चुना, हातोडा. ह्या वेळी टोटल स्टेशनमध्ये स्केल घातल्याचं त्यांनी मला स्क्रीन फिरवून दाखवलं, न विचारता.

वळण झाल्यावर 2+520 ला उजवीकडच्या शेताचे मालक, सत्तरीचे, डोक्याला टॉवेल, बांधावर येऊन उभे. ऊस अजून तुटलेला नाही, सरीत पाणी. दादांनी प्रिझम धरायला लावला, खुंटी बांधाच्या अलीकडं पडली, रस्त्याच्या बाजूला, साईडपट्टी धरूनसुद्धा हातभर जागा ठेवून. आबा बराच वेळ खुंटीकडं बघत होते. मग म्हणाले, "मागल्या महिन्यात एक पोरगं आलतं, त्यानं उसात मारलीती."

मी म्हटलं, "आबा, ती चुकलीती, आता ही बरोबर."

"मला म्हाईत हुतं चुकलीती ते," असं म्हणून ते खोपीकडं गेले आणि लाल रंग लावलेली खुंटी घेऊन आले, उपटून ठेवलेली, टोकाला वाळलेली माती तशीच. माझ्या हातात दिली. दादांनी तिचा जुना खड्डा विचारला, आबांनी पायानं दाखवला, टेप लावला तर 93 सेमी.

2+860 पर्यंत झालं. उद्या मोरीपासनं पुढं.